पैसे मोजून केलेल्या शिकारीला मर्दुमकी म्हणू नका!



भिवंडीत रानहत्ती नाहीत, मग हे पत्रक कशाला? कारण आफ्रिकेत मारलेल्या हत्तीच्या सुळ्याला टेकून बसलेल्या शिकाऱ्यांचे फोटो इथल्या मोबाइलवर फिरतात आणि आपलीच पोरं खाली लिहितात, "गाडीतून नाही, पायी जाऊन मारला!"

पायी म्हणजे कसा, ते ऐका. पुढे गावचा वाटाड्या धुळीतला माग काढतो. राखेची पुरचुंडी झटकून वारा बघतात, हत्तीला माणसाचा वास लागू नये म्हणून. शेजारी धंदेवाईक शिकारी दुसरी रायफल घेऊन उभा. मग गिऱ्हाईक चाप ओढतं. यात सामना कुठे आला? हा विकत घेतलेला खून आहे.

आफ्रिकेतल्याच बोट्सवानाने हत्तींची शिकारबंदी २०१९ साली उठवली. तिथे लाखाहून जास्त हत्ती आहेत, पिकं तुडवली जातात, माणसं मरतात. पण परदेशी शिकाऱ्याला पिकात शिरणारा हत्ती नको असतो, लांब सुळ्यांचा वयस्क नर हवा असतो. तो गेला की काय होतं? दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात वडीलधाऱ्या नरांविना वाढलेल्या तरण्या हत्तींनी १९९०च्या दशकात चाळीसहून अधिक गेंडे मारले. १९९८ साली तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून मोठे नर आणून सोडले, तेव्हा कुठे हे थांबलं.

आपल्याकडेही, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, २००२ पासून हत्ती येताहेत. माड, केळी गमावलेल्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे, त्यासाठी आम्हीही भांडू. बंदूक हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिकार मिरवण्याचा हा शौक आपल्यातही आहे. बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी २०२४ साली जाहीरपणे सांगितलं, की १९८७ साली वाघ मारला आणि गळ्यात त्याचाच दात आहे. वनखात्याने गुन्हा नोंदवला. आपल्या उशाशी तुंगारेश्वर आणि तानसा आहे, तिथे बिबट्या आहे. बिबट्याचं नख सोन्यात मढवून मिरवणारा त्या शिकाऱ्याचाच भाऊ!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हत्ती आणि बिबट्या दोघांच्याही शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. नख, दात, सुळा कुणी विकायला आणला, फासकी दिसली, तर वनखात्याला १९२६ वर फोन करा. आणि तो फोटो पुढे पाठवू नका.

— भिवंडी तालुक्यातील वन्यजीवप्रेमी नागरिक