पंचच आखाड्यात उतरला तर

७ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी धाराशिव जिल्ह्यात मतदान झाले. दोन्ही वेळा आदल्या दिवशी साहित्य-वाटपाच्या केंद्रांवर जे दृश्य दिसले, ते गेली अनेक वर्षे प्रत्येक निवडणुकीत दिसत आले आहे. शाळामास्तर, तलाठी, ग्रामसेवक, कचेरीतील लिपिक आपापल्या पिशव्या सांभाळीत मांडवात बसलेले असतात. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात. आणि आपल्याला कोणत्या गावच्या केंद्रावर जावयाचे आहे हे तेव्हाच ज्याला त्याला कळते. पथके पाडण्याचे काम संगणक करतो. स्वतःच्या गावचे केंद्र कोणालाही मिळत नाही. केंद्राध्यक्षासमोर सर्व पक्षांचे प्रतिनिधी दिवसभर बसून असतात आणि त्याने खुर्ची सोडली तरी तिची नोंद होते.

एखाद्या तरुण शिक्षकाला हा अविश्वास वाटतो आणि तो मनातून दुखावतो. वस्तुतः तो अविश्वास नव्हे. ज्याच्या हाती निवाडा आहे त्याचा निकालात कोणताही स्वार्थ गुंतलेला नसावा, इतकेच नव्हे तर तसा तो गुंतलेला आहे अशी शंका घेण्यासही जागा राहू नये, या साध्या तत्त्वाचे ते पालन आहे. आपल्या जत्रेतील कुस्त्यांच्या फडातही हाच दंडक असतो. पंच कितीही निःस्पृह असो, जोडीतील एक मल्ल त्याच्या घरचा असेल तर तो शिट्टी दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला होतो.

प्रश्न असा की, एका दिवसाच्या केंद्राध्यक्षाला लावला जाणारा हा दंडक त्याच्या वरच्या खुर्च्यांना कितपत लागू आहे? निवडणूक चालविणाऱ्या अधिकाऱ्याने पद सोडताच स्वतः उमेदवार व्हावे काय, आणि व्हावयाचेच असेल तर मध्ये किती काळ जावा? या प्रश्नाला आपल्या कायद्यात आजही उत्तर नाही.

लोकसभेच्या निवडणुकीत जिल्हाधिकारी हेच सामान्यतः निवडणूक निर्णय अधिकारी असतात. आपल्याकडे तर त्यांची सत्ता जिल्ह्याच्या सीमेपलीकडे पोचते; कारण नामांतरानंतरही २०२४ मध्ये 'उस्मानाबाद' याच नावाने लढविल्या गेलेल्या या मतदारसंघात उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा यांच्या जोडीला लातूर जिल्ह्यातील औसा व सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे विधानसभा मतदारसंघही आहेत. जवळजवळ वीस लाख मतदारांचा कौल या एका अधिकाऱ्याच्या सहीने जाहीर होतो. उमेदवारी अर्जांची छाननी तो करतो. एखादा अर्ज त्याने अवैध ठरविला तर निवडणूक चालू असताना त्याविरुद्ध न्यायालयाचे दार बंद असते. मद्रास राज्यातील नमक्कल येथील पोन्नुस्वामी यांचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९५२ मध्येच हे स्पष्ट केले होते की, दाद मागावयाची ती निकालानंतर निवडणूक याचिकेच्या रूपानेच. फेरमोजणीचा अर्ज मान्य करावा की फेटाळावा हेही तोच ठरवितो आणि मते समसमान पडली तर चिठ्ठीही त्याच्याच समक्ष निघते.

एवढी मोठी सत्ता सोपविताना आपण काही कुंपणे घातली, हे मान्य केले पाहिजे. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात १९८८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार निवडणुकीच्या काळात हे सर्व अधिकारी निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. स्वतःच्या जिल्ह्यात अधिकाऱ्याला ठेवावयाचे नाही, चार वर्षांत तीन वर्षे एकाच ठिकाणी काढली असतील तर त्याची बदली करावयाची, असे आयोगाचे आदेश असतात. कोणाही उमेदवाराशी आपले जवळचे नाते नाही, असे त्याला लिहून द्यावे लागते. मतदाराचे मन वळविण्याचा प्रयत्न त्याने केला तर कायद्याच्या १२९ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

परंतु ही सारी कुंपणे निकालाच्या दिवशी संपतात. तोच अधिकारी दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन एखाद्या पक्षाच्या व्यासपीठावर बसला आणि पुढच्या निवडणुकीत त्याच जिल्ह्यातून उभा राहिला, तर त्याला अडविणारा एकही नियम नाही. नोकरीत असताना उमेदवारी करता येत नाही एवढीच अट. राजीनामा मंजूर झाला की तीही उरत नाही.

ही शंका काल्पनिक नाही. देशातील सर्वांत मोठ्या पंचाचे उदाहरण महाराष्ट्राच्या आठवणीत असावयास हवे. टी. एन. शेषन हे १२ डिसेंबर १९९० ते ११ डिसेंबर १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त होते. आचारसंहितेला दात आहेत हे त्यांनी देशाला दाखविले आणि मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला. ते ऋण कोणी नाकारू नये. त्यांच्याच देखरेखीखाली १९९५ ची महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली आणि शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. पद सोडल्यानंतर पुढच्याच जुलैमध्ये, १९९७ साली, शेषन राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि त्यांना पाठिंबा दिला तो शिवसेनेने. के. आर. नारायणन यांनी त्यांचा दारुण पराभव केला. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून गांधीनगरमधून लालकृष्ण अडवाणी यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि तेथेही हरले.

१९९५ मध्ये शेषन यांनी कोणाला झुकते माप दिले असे म्हणण्यास कसलाही आधार नाही. आज एका बाजूने तर उद्या विरुद्ध बाजूने उभे राहिलेल्या माणसावर पक्षनिष्ठेचा आरोपही टिकणार नाही. पण मुद्दा नेमका येथेच आहे. निवाडा निर्दोष असूनही, नंतरच्या उमेदवारीमुळे त्याच्याकडे मागे वळून पाहण्याची सोय निर्माण झाली. १९९७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक ज्या आयोगाने घेतली, त्यातील दोघे सदस्य आदल्या वर्षापर्यंत शेषन यांचे सहकारी होते, हेही लक्षात घ्यावे. त्या दोघांपैकी मनोहरसिंग गिल पुढे मुख्य निवडणूक आयुक्त झाले, २००१ मध्ये निवृत्त झाले, २००४ मध्ये काँग्रेसतर्फे राज्यसभेवर गेले आणि २००८ मध्ये केंद्रात मंत्री झाले. यात बेकायदा काहीच नव्हते. कायद्याचा दोष तोच आहे.

हा मोह मोकळा सोडला तर काय होते हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. आपल्याकडे सबंध राज्याने थेट मत देऊन निवडावे असे पद नाही. तेथे राज्यपालापासून निवडणूक यंत्रणेच्या प्रमुखापर्यंत अनेक पदे तशी भरली जातात आणि पुष्कळ राज्यांत निवडणूक चालविणारा अधिकारी स्वतःच एका पक्षाचा निवडून आलेला माणूस असतो. २००० साली फ्लोरिडात अध्यक्षपदाचा निकाल अवघ्या ५३७ मतांवर येऊन ठेपला, तेव्हा तो प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस या जॉर्ज बुश यांच्या त्या राज्यातील प्रचारसमितीच्या सहअध्यक्षाही होत्या. दोन वर्षांनी त्या स्वतः प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. २०१८ मध्ये जॉर्जियात ब्रायन केंप हे निवडणूक यंत्रणेचे प्रमुख राहूनच राज्यपालपदासाठी लढले आणि त्यांनी खुर्ची सोडली ती मतदान होऊन दोन दिवस झाल्यावर.

कोलोरॅडो राज्यातील मेसा या जिल्हावजा परगण्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथील निवडणूक अधिकारी टीना पीटर्स यांनी २०२१ मध्ये मतदान यंत्रणेपर्यंत अनधिकृत व्यक्तीला पोचू दिले, असा ठपका त्यांच्यावर आला. त्याच काळात त्यांनी राज्याच्या निवडणूक यंत्रणेचे प्रमुखपद मिळविण्यासाठी २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत उडी घेतली. त्यांचा पराभव करणाऱ्या पॅम अँडरसन याही दुसऱ्या एका परगण्याच्या माजी निवडणूक अधिकारीच होत्या आणि नोव्हेंबरमध्ये त्याही हरल्या. पीटर्स यांना २०२४ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवून नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. स्थानिक कचेरीतील शिक्का ही राज्यपातळीवरील राजकारणाची पहिली पायरी ठरली की, त्या शिक्क्याकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटते, याचा हा धडा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. अधिकारी हाही नागरिक आहे. प्रशासनाचा अनुभव असलेली माणसे विधिमंडळात आली तर लाभच होईल. त्यांचा मार्ग का अडवावा? चिंतामणराव देशमुखांचे नाव यासाठी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि अर्थमंत्री असलेले देशमुख १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. पुढे मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले. असे अधिकारी राजकारणात आले म्हणून लोकशाहीचे काही बिघडले नाही. मात्र ज्या निवडणुकीत देशमुख उभे होते तिची यंत्रणा त्यांनी हाकलेली नव्हती. आमचा आक्षेप अधिकारी उमेदवार होण्याला नाही. काल ज्याने छाननी केली, मोजणी केली आणि निकालावर सही केली, त्याने आज त्याच भूमीवर मते मागण्याला आहे.

या दोहोंतील भेद कायद्याने अद्याप केलेला नाही. सनदी अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर लगेच निवडणुकीत उतरू नये, मध्ये काही काळ जाऊ द्यावा, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये केंद्र सरकारला केली होती. सरकारने ती मान्य केली नाही. २०२२ मध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा असे बंधन घालावयाचे की नाही हे ठरविणे विधिमंडळाचे काम आहे, असे सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. न्यायालयाची भूमिका वावगी म्हणता येत नाही. परंतु संसदेने तो चेंडू झेललेला नाही. निवृत्त सनदी अधिकाऱ्याला एखाद्या खासगी कंपनीत नोकरी धरावयाची असेल तर पहिले वर्षभर सरकारची परवानगी लागते. पक्षाचे तिकीट घ्यावयाचे असेल तर एका दिवसाचीही वाट पाहावी लागत नाही. कंपनीचा पगार अधिकाऱ्याला वाकवू शकतो आणि आमदारकीची आशा वाकवू शकत नाही, असे मानणारा माणूस भाबडा तरी असला पाहिजे किंवा सोयीस्कर विसराळू तरी.

आपल्या घटनाकारांना हा धोका ठाऊक नव्हता असेही नाही. महालेखापालाने पद सोडल्यावर सरकारचे कोणतेही पद घेऊ नये, असे घटनेचे १४८ वे कलम सांगते. संघ लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांवर ३१९ व्या कलमाने तसेच बंधन आहे. निवडणूक आयोगाविषयीच्या ३२४ व्या कलमात मात्र असे काहीही नाही. देशाचा जमाखर्च तपासणाऱ्यावर आणि नोकरभरती करणाऱ्यावर जे बंधन घातले, ते मते मोजणाऱ्यावर नको, याचे समर्थन आज कोणालाही करता येणार नाही.

तेव्हा मागणी मोजकी आणि स्पष्ट असावी. जिल्हा निवडणूक अधिकारी किंवा निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून ज्याने काम केले, त्याने पुढील पाच वर्षे त्या मतदारसंघातून वा जिल्ह्यातून कोणतीही निवडणूक लढवू नये. राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी असलेल्यांना हेच बंधन सबंध राज्यापुरते असावे. मुख्य निवडणूक आयुक्त, त्यांचे सहकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेणारे राज्य निवडणूक आयुक्त यांनी निवृत्तीनंतर उमेदवारीही करू नये आणि सरकारने दिलेले पदही घेऊ नये. शिक्षक आणि लिपिक यांना यातून वगळले पाहिजे. त्यांचे काम एका दिवसाचे, सर्वांच्या डोळ्यांसमोरचे असते आणि निकाल फिरविणारा कोणताही निर्णय त्यांच्या हाती एकट्याने नसतो. वरच्यांना बांधण्याच्या निमित्ताने खालच्यांचा हक्क कापला जाऊ नये.

धाराशिवला या प्रश्नाचे महत्त्व कोणी शिकवावे लागू नये. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत या जिल्ह्याच्या प्रमुखाला अव्वल तालुकदार म्हणत आणि तो निजामाच्या मर्जीचा माणूस असे. सत्ता कोणाची असावी हे विचारण्याचा अधिकार येथील शेतकऱ्याला नव्हता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याने प्रथमच मतपत्रिका हातात घेतली, तेव्हा त्याच जिल्हाप्रमुखाच्या कचेरीचे काम पालटले होते. तिने आता लोकांची मते मोजावयाची होती. ती कचेरी कोणाच्याच बाजूची नाही हा विश्वास तेव्हापासून हळूहळू साठत आला आहे.

हा विश्वास जिंकणाऱ्याच्या मिरवणुकीत दिसत नाही. मोजणीच्या संध्याकाळी जो हरला, तो कार्यकर्त्यांना 'चला, घरी जाऊ' असे म्हणतो तेव्हा तो दिसतो. समोर बसलेला अधिकारी उद्या आपलाच प्रतिस्पर्धी असेल, अशी पाल त्याच्या मनात एकदा चुकचुकली की तो घरी जाणार नाही. रात्री उशिरा यंत्रे जमा करून, पोचपावती घेऊन, पहाटेच्या एस.टी.ची वाट पाहत बसणाऱ्या शिक्षकाने दिवसभर जी शिस्त पाळली, ती पाळण्याचे बंधन त्याच्या वरिष्ठांवर घालणारा कायदा करण्यास संसदेला आणखी किती निवडणुका हव्या आहेत?