पोटालाही वाफसा हवा

काळ्या रानात शेती करणाऱ्याला वाफसा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पाऊस पडून गेला म्हणून तो लगेच औत जोडीत नाही. चिखलात जमीन तुडवली तर ती दडपते, मुळांना हवा मिळत नाही आणि पुढे ढेकळे फोडता फोडता दमछाक होते. म्हणून तो बांधावर थांबतो, मूठभर माती दाबून पाहतो आणि पाणी मुरून माती मोकळी झाली की मगच रानात शिरतो. आपल्या उज्जैन भागातली, माळव्याची चिकण काळी जमीन तर उतावळ्या माणसाला कधीच माफ करीत नाही. पण जमिनीसाठी एवढा धीर धरणारा हाच माणूस स्वतःच्या पोटासाठी धीर धरीत नाही, हे नवल आहे.

आपल्याकडचा खाण्याचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी पोहे-जिलबी, वर मूठभर शेव. ते पोटात असतानाच कचोरी आणि चहा. दुपारचे जेवण कधी बाराला, कधी तीनला. संध्याकाळी पाहुणा आला की त्याच्याबरोबर पुन्हा फराळ. रात्री दहाला भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. मग छातीत जळजळ, करपट ढेकर, सकाळी पोट साफ नाही. त्यावर उपाय काय, तर चूर्णाची डबी, खाण्याचा सोडा, नाहीतर औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या तक्रारीचे मूळ डबीत सापडत नाही, ते घड्याळात आणि ताटात सापडते, असे माझे स्पष्ट मत आहे. आयुर्वेदाचे नाव घेऊन आपण चूर्णे विकत घेतो. पण त्या शास्त्राने फुकट दिलेला सल्ला मात्र बाजूला ठेवतो.

तो सल्ला काय आहे? आयुर्वेद पचनशक्तीला अग्नी म्हणतो. हा अग्नी चार तऱ्हेचा सांगितला आहे: नीट चालणारा सम, कधी बरा तर कधी बिघडलेला विषम, फार प्रखर असा तीक्ष्ण आणि मंद. चुलीचे उदाहरण घेतले तर ही गोष्ट घरातल्या बायकांना चटकन पटेल. विस्तवावर एकदम लाकडांचा ढीग टाकला तर तो गुदमरतो, आणि काहीच घातले नाही तर विझतो. आधीचे अन्न पचले नसताना पुन्हा खाणे याला आयुर्वेदात अध्यशन म्हणतात, आणि अवेळी किंवा कमी-जास्त खाणे याला विषमाशन. वर सांगितलेल्या दिवसात हे दोन्ही दोष भरपूर आहेत.

आधीचे अन्न पचले हे ओळखायचे कसे? म्हणजेच पोटाचा वाफसा कसा पाहायचा? जुन्या वैद्यांनी त्याची लक्षणे दिली आहेत. ढेकर स्वच्छ येते, तिला आधीच्या अन्नाचा वास नसतो. अंग हलके वाटते, कामाला हुरूप येतो, मलमूत्राचे वेग सुरळीत असतात आणि खरी भूक व तहान लागते. यातले एकही लक्षण पाहायला पैसे लागत नाहीत. आजचे वैद्यकही याच वाटेने जाते. साधे जेवण जठरातून पुढे सरकायला काही तास लागतात, तुपकट-तेलकट अन्नाला त्याहून अधिक. म्हणून छातीत जळजळ होणाऱ्यांना डॉक्टर सांगतात की जेवण आणि झोप यांच्यात दोन-तीन तास जाऊ द्या.

दुसरी गोष्ट मापाची. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पिले आहेत: दोन भाग घन अन्नाला, एक भाग पातळ पदार्थांना आणि चौथा रिकामा. चरकसंहितेत याहून शहाणपणाची गोष्ट आहे. तिथे सर्वांना एकच माप लावलेले नाही. जेवढे अन्न त्रास न देता वेळेवर पचते, तेवढेच तुमचे माप, असे सांगितले आहे. जड पदार्थ अर्धपोटी खावेत, आणि हलके पदार्थही हलके म्हणून भरमसाट खाऊ नयेत. आपले दाल-बाफलेच घ्या. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. पदार्थ उत्तम आहे, आणि मी तो सोडा असे म्हणणार नाही. पण पंगतीत आग्रह करून चौथा-पाचवा बाफला वाढणे हा पाहुणचार नव्हे. अती तेथे माती, हे वाढणाऱ्यानेही लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या अधिक जवळची आहे. अन्नाचा विचार करताना चरकाने आठ बाबी पाहायला सांगितल्या आहेत: पदार्थाचा स्वभाव, त्यावर केलेली प्रक्रिया, कशाशी मिसळला, किती घेतला, कोणत्या प्रदेशात, कोणत्या काळी, कोणत्या रीतीने आणि खाणारा कोण. म्हणजे 'हे चांगले, ते वाईट' अशी कायमची यादी करून भिंतीवर लावण्याचे हे शास्त्र नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका ही पिके अमेरिका खंडातून आली; चरकाच्या ताटात ती नव्हती. तरी त्याचे आठ प्रश्न या पिकांनाही विचारता येतात. अठराव्या शतकात शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घरांनी वरण-भात ठेवला आणि गव्हाचे बाफलेही आपले केले. सवयीने अंगी लागणे म्हणतात ते हेच.

आता सोयाबीन पाहा. १९७० नंतरच्या काळात माळव्याच्या खरिपात हे पीक पसरले आणि बऱ्याच ठिकाणी त्याने ज्वारीची जागा घेतली. १९८७ साली सोयाबीन संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही शेजारच्या इंदूरलाच स्थापन झाले. सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर आहेत; पण कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो, आणि तो चांगली उष्णता दिल्यावर निकामी होतो. म्हणून ज्या घरी सोयाबीन खातात तिथे ते भिजवून पूर्ण शिजवावे. गव्हात मिसळण्यासाठी दळायचे असेल तर आधी उकळून, वाळवून मगच दळावे आणि प्रमाण थोडे ठेवावे. चरकाचा प्रक्रियेचा प्रश्न इथे किती नेमका लागू पडतो! आणि विक्रीसाठी सोयाबीन पेरताना घरापुरती चार ओळी ज्वारी व तूर अवश्य ठेवावी, असे मला वाटते. रानातून जे नाहीसे होते ते हळूहळू ताटातूनही नाहीसे होते.

काळाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, म्हणून हलके, ताजे, गरम अन्न व उकळून घेतलेले पाणी आयुर्वेदाने सांगितले. विहिरी आणि नळांचे पाणी गढूळ होण्याचे हेच दिवस, तेव्हा उकळलेल्या पाण्याचे महत्त्व आजचे डॉक्टरही सांगतील. दुपारच्या जेवणात पातळ ताजे ताक, त्यात जिरे आणि किंचित सैंधव, हा आपल्या आजीचा उपाय बहुतेकांना आजही मानवतो.

काहींच्या मनात शंका येते की हे दुसऱ्या धर्माचे शास्त्र, आपण ख्रिस्ती माणसांनी ते कशाला घ्यावे? वाचकहो, ताकाला आणि जिऱ्याला धर्म नसतो. संयम तर कोणत्याही धर्माला परका नाही. चाळीस दिवस उपवास करून सणाच्या दिवशी अजीर्ण करून घेणारा आणि एकादशीला साबुदाण्याची तुपकट खिचडी दोनदा खाणारा, दोघेही एकाच वैद्याकडे जातात.

मात्र या शास्त्राची बाजू घेताना त्याची मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. पोटातला प्रत्येक विकार खाण्याच्या चुकीने होत नाही. ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की जठरातील बहुतेक व्रणांमागे एक जंतू असतो. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा व्रणाला ताक आणि पथ्य पुरत नाही, जंतुनाशक औषध लागते. तसेच 'आयुर्वेदिक' एवढा शिक्का म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक-पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. जत्रेत, रस्त्यावर मिळणारी पुडी म्हणूनच घेऊ नये. उज्जैनमध्ये शासकीय धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालय आहे. आयुर्वेदाचे औषध हवे असेल तर अशा शिकलेल्या वैद्याचा सल्ला घ्यावा. सोनामुखीसारखी रेचके रोज घेण्याची सवय लावू नये. रक्तदाब असलेल्यांनी खाण्याचा सोडा तर टाळावाच.

वजन आपोआप उतरत असेल, शौचाला काळे किंवा रक्त पडत असेल, घास गिळताना अडकत असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा पन्नाशीनंतर पोटाची नवी तक्रार सुरू झाली असेल, तर चूर्ण घेऊन महिने घालवू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी, गरोदर बायांनी आणि अशक्त वृद्धांनी लेख वाचून जेवण टाळू नये.

आणि एक गोष्ट कधीच विसरू नये. आपल्याच वस्तीत अशी घरे आहेत जिथे रात्री चूल पेटेल की नाही याची काळजी असते. तिथे जाऊन मिताहाराचा उपदेश करणे हा निर्दयपणा होईल. त्यांच्या अग्नीत काही दोष नाही, त्याला लाकूडच मिळत नाही. आपल्या पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायचाच आहे, तर त्या भागाचे धान्य कोणाच्या तरी घरी पोहोचावे.

तेव्हा एवढेच करा. जेवणाच्या दोन वेळा ठरवा आणि पाळा. मधल्या वेळी तोंडात काही टाकण्यापूर्वी मातीसारखाच पोटाचा वाफसा पाहा. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घ्या. महिनाभर हे करून पाहा आणि मग चूर्णाची डबी किती वेळा उघडावी लागली ते मोजा.