मूळव्याध म्हणून किती दिवस?

कळंब्याहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात केएमटीच्या बसने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. शौचावाटे रक्त जाऊ लागलेल्या माणसाला मात्र हेच अंतर कापायला अनेकदा महिनोन्महिने लागतात. आधी उष्णतेवर खापर फुटते, मग तिखटावर. त्यानंतर 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन इलाज' असे रंगवलेल्या भिंतीवरचा पत्ता शोधला जातो. मलमे आणि पुड्या संपेपर्यंत वजन उतरते, चेहरा पांढुरका पडतो आणि गुदाशयातील गाठ, असलीच तर, आपले काम शांतपणे करीत राहते.

अशा रक्तस्रावामागे बहुतांशी मूळव्याधच असते, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. घबराट पसरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु बहुतांशी म्हणजे नेहमी नव्हे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण कमी असले, तरी आपल्याकडील रुग्ण तुलनेने तरुण असतो, त्याच्यात गुदाशयाचा कर्करोग अधिक आढळतो आणि तो उशिरा येतो. टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांच्या अभ्यासात सरासरी वय पन्नाशीच्याही आत असल्याचे दिसले. म्हणजे घरचा कर्ता पुरुष, शाळेत जाणाऱ्या मुलांची आई. रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्ण हयात असतात. यकृत-फुप्फुसांत पसरल्यावर हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या घरात येते.

इंग्लंडने २००० साली या प्रश्नावर एक नियम बसविला. कर्करोगाचा संशय आल्यास कुटुंबाच्या डॉक्टरने तातडीची चिठ्ठी द्यावी आणि तज्ज्ञाने चौदा दिवसांत रुग्ण पाहावा. २०२३ मध्ये तो बदलून, अठ्ठावीस दिवसांत रोग आहे की नाही हे रुग्णाला निश्चित सांगावे, असे बंधन आले. मलातील न दिसणारे रक्त शोधणारी साधी चाचणी तेथे आता डॉक्टरच आधी करून घेतो, म्हणजे दुर्बीण तपासणीची रांग विनाकारण लांबत नाही. उद्दिष्टे तेथेही अनेकदा चुकतात. इंग्लंडचे सारेच गोजिरे मानण्याचे कारण नाही. पण उशीर मोजण्याचे माप त्यांच्याकडे आहे. जे मोजलेच जात नाही, त्याचा जाब कोण कोणाला विचारणार?

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी होते ती मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. रुग्णसंख्या पाहता हा क्रम योग्यच आहे आणि सर्वांची सरसकट आतडे-तपासणी आज परवडणारीही नाही. परंतु लक्षणे घेऊन दारात आलेल्याचे काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कवच २०२३ च्या निर्णयाने पाच लाख रुपयांपर्यंत वाढले, हे स्वागतार्हच. ते कवच उपयोगी पडते निदान झालेल्या रोगाच्या उपचारात. निदानापर्यंतची पायपीट रुग्ण बहुधा स्वतःच्या खिशातून करतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर तो थकून घरी बसतो.

गुदाशयाच्या खालच्या भागातील अनेक गाठी हातमोजा घातलेल्या डॉक्टरच्या बोटाला लागतात. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तरीही ती टळते. गर्दीमुळे, आडोशाच्या अभावी आणि सर्वांत अधिक, उभयपक्षी संकोचामुळे. हा संकोच आपल्या परंपरेचा म्हणावा, तर सुश्रुतसंहितेत अर्शोयंत्राचे वर्णन आहे; गाईच्या सडाच्या आकाराचे, चार अंगुळे लांब, आतले दिसावे म्हणून छिद्र ठेवलेले. त्या आचार्यांना जे पाहण्यात कमीपणा वाटला नाही, ते आमच्या आजच्या दवाखान्यांत न पाहताच मलमाची चिठ्ठी लिहून दिली जाते! स्त्री रुग्णांची तर आणखी कोंडी. त्यांचा रक्तक्षय पाळीच्या नावावर खपतो आणि लोहाच्या गोळ्यांवर भागते.

जिल्ह्याने करावयाचे काम फार खर्चाचे नाही. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला रक्तस्राव, शौचाच्या सवयीत झालेला बदल, कारण न सापडणारा रक्तक्षय किंवा घटणारे वजन यांपैकी काही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राने बोटाची तपासणी व हिमोग्लोबिन करून वेगळ्या रंगाची चिठ्ठी द्यावी. ती घेऊन येणाऱ्यासाठी सीपीआरमध्ये आठवड्यातील एक ठरलेली दुपार असावी. दुर्बीण तपासणी आणि संशयित भागाच्या तुकड्याचे परीक्षण यांची तारीख तेथेच हातात पडावी. चिठ्ठी दिलेला रुग्ण पोहोचला की नाही, हे आशाताईंनी पाहावे, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा. कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांनाही हाच नियम लागू हवा; त्यांना ना डॉक्टर निवडता येतो, ना पोलीस बंदोबस्ताशिवाय रुग्णालयात जाता येते.

काहींना पुढे मुंबईस जावे लागेलच. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था बाहेरगावच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना निवारा देतात. अशा संस्थांच्या कार्यकर्त्यांना गावाकडूनच, वेळेत निदान झालेला रुग्ण मिळाला, तर त्यांच्या सेवेचेही चीज होईल. आपापल्या गावात वर्षानुवर्षे मूळव्याधीचे औषध देणाऱ्या वैद्यांना आणि डॉक्टरांना आमची विनंती एवढीच आहे की, तीन आठवड्यांत गुण आला नाही, तर औषध बदलण्याआधी चिठ्ठी द्यावी. आणि जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीत पालकमंत्र्यांनी सीपीआरच्या अधिष्ठात्यांना विचारावे, आज दुर्बीण तपासणीची तारीख किती दिवसांनंतरची मिळते?