वारस आणि पत

ठाणे-बेलापूर मार्गावर ऐरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा मोठा छापखाना आहे. नवी मुंबई झोपेत असते तेव्हा तेथील यंत्रे फिरत असतात आणि उजाडण्याच्या सुमारास अंकांचे गठ्ठे विक्रेत्यांच्या हाती पडतात. वाशीच्या घाऊक बाजारात गाळा उघडून गादीवर बसलेला व्यापारी तो अंक उलगडतो, तेव्हा त्याच्या हाती एका जैन व्यापारी घराण्याचाच माल असतो. मात्र हा माल संध्याकाळपर्यंत शिळा होतो, आणि तो तयार करण्यास जो खर्च येतो, त्याहून कमी किमतीस विकला जातो. असा व्यवहार वर्षानुवर्षे नफ्यात कसा चालतो, याचे उत्तर त्या घराण्याच्या एका वारसाच्या कारकिर्दीत सापडते.

हे वृत्तपत्र 1838 मध्ये मुंबईत सुरू झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर रामकृष्ण दालमिया यांनी ते चालविणारी बेनेट, कोलमन ही कंपनी विकत घेतली आणि पुढे ती त्यांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे आली. शांतिप्रसाद आणि त्यांच्या पत्नी रमा यांनी 1944 मध्ये भारतीय ज्ञानपीठाची स्थापना केली होती. मातोश्री मूर्तिदेवी यांच्या नावाच्या ग्रंथमालेतून प्राचीन जैन ग्रंथ प्रकाशात आले. 1965 पासून दिल्या जाणाऱ्या ज्ञानपीठ पुरस्काराने वि. स. खांडेकर आणि कुसुमाग्रज यांचाही गौरव झाला. 1962 मध्ये याच समूहाने ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू केला.

परंतु या घराण्याच्या वाट्याला केवळ वैभव आले नाही. दालमिया-जैन उद्योगांच्या व्यवहारांची चौकशी विवियन बोस आयोगाने केली. 1969 मध्ये सरकारच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कंपनीचे संचालक मंडळ बदलले आणि कारभार घराण्याच्या हातून गेला. शांतिप्रसादांचे नातू समीर जैन त्या वेळी शाळकरी वयाचे होते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून शिक्षण घेऊन ते 1975 मध्ये कंपनीत आले. त्यानंतर वर्षभरात मालकी पुन्हा त्यांचे वडील अशोककुमार जैन यांच्याकडे सुपूर्द झाली. आजोबांची पेढी परक्या हाती गेलेली पाहून ती परत मिळालेली पाहणे, हा अनुभव फार थोड्या वारसांच्या वाट्याला येतो.

1980 च्या दशकात सूत्रे हाती येऊ लागल्यावर समीर जैन यांनी वृत्तपत्राच्या व्यवहाराकडे व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले. वाचक जे पैसे मोजतो, त्यातून कागद, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याची दलाली यांचा खर्चही भरून निघत नाही. महिनाअखेरीस रद्दीवाल्याकडून त्यातला काही भाग वाचकाला परतही मिळतो. उरलेला सारा भार जाहिरातदार उचलतो. मग खरा ग्राहक कोण? समीर जैन यांचे उत्तर स्पष्ट होते. 1990 च्या दशकात त्यांनी दिल्लीत अंकाची किंमत एकदम उतरवली. किंमत उतरली की वाचक वाढतात, वाचक वाढले की जाहिरातीचा दर वाढतो. जे प्रकाशन आपला भार आपण उचलू शकत नव्हते, ते बंद झाले. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ 1993 मध्ये थांबले. धर्मवीर भारती यांनी नावारूपाला आणलेले हिंदी साप्ताहिक ‘धर्मयुग’ही त्याच दशकात बंद पडले. संस्कृतीच्या दृष्टीने ही हानी होती. ताळेबंदाच्या दृष्टीने ती तोट्याच्या शाखा बंद करणे होते.

येथवर व्यापाराच्या नीतीस कोठे बाध येत नाही. गोष्ट अवघड झाली ती पुढच्या टप्प्यावर. 2003 मध्ये ‘मीडियानेट’ या उपक्रमाद्वारे पुरवण्यांमधील मजकुराची जागा पैसे घेऊन देण्याची सोय झाली. त्यानंतर ‘प्रायव्हेट ट्रीटी’ आली. तिच्यात कंपन्यांना जाहिरातींसाठी जागा द्यायची आणि मोबदल्यात रोख रकमेऐवजी त्या कंपनीचे भाग घ्यायचे, अशी रचना होती. हिशेबाच्या दृष्टीने ही कल्पना चतुर होती. लहान कंपनीस रोकड मोजावी लागत नव्हती आणि वृत्तपत्राच्या रिकाम्या जागेचे भांडवल होत होते.

पण जी कंपनी तेजीत जाण्यात वृत्तपत्राचा स्वतःचा लाभ आहे, त्या कंपनीची बातमी ते निःपक्षपणे देईल, हे वाचकाने कशाच्या आधारावर मानायचे? तारण मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्याचा त्या मालमत्तेत हिस्सा असेल, तर त्याचा अहवाल कोणतीही बँक स्वीकारत नाही. 2010 मध्ये भाग बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ हिनेही हेच सूत्र धरले. एखाद्या कंपनीत वृत्तसमूहाचा हिस्सा असेल, तर तिच्याविषयीच्या बातमीत तो उघड केला पाहिजे, असे तिने बंधनकारक केले. 2012 मध्ये समीर यांचे धाकटे बंधू विनीत जैन यांनी ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकाला आपला व्यवसाय वृत्तपत्राचा नसून जाहिरातीचा असल्याचे सांगितले. त्यात लपवाछपवी नव्हती, हे मान्य करावे लागते.

2023 मध्ये दोघा बंधूंमधील वाटणीच्या बातम्या आल्या. छापील व्यवसाय थोरल्याकडे, तर दूरचित्रवाणी आणि रेडिओ धाकट्याकडे, असे त्यांचे स्वरूप होते. इमारती, यंत्रे, भाग यांची किंमत ठरवता येते आणि त्यांची वाटणीही होते. परंतु वृत्तपत्राच्या छापील शब्दावर वाचकाचा जो विश्वास असतो, तो कोणत्या खात्यावर मांडायचा?

समीर जैन यांनी वारशाने मिळालेले वैभव उधळले नाही. एकदा हातून गेलेली पेढी त्यांनी अशी वाढवली की ती देशातील सर्वांत मोठ्या वृत्तसमूहांत गणली जाऊ लागली. वारसाने आपल्या धंद्याचे गणित निर्भयपणे तपासावे, हा त्यांच्या कारकिर्दीचा पहिला धडा आहे. दुसरा धडा अधिक कठीण आहे. आजोबांनी मिळकतीतून ज्ञानपीठ उभारले आणि त्यातून घराण्याची पत वाढली. नातवाच्या काळात त्या पतीचेच भांडवल झाले. पत वाढवण्यास पिढ्या लागतात, आणि ती खर्च होताना कोणत्याही तिमाहीच्या आकड्यांत दिसत नाही.

घाऊक बाजारातील व्यापाऱ्यास हे शिकवावे लागत नाही. दलालाने सांगितलेला भाव एकदा खोटा निघाला, तर तो चहा घेतो, हसून बोलतो, पण पुढचा सौदा दुसऱ्याकडे करतो. अंक उलगडणारा वाचकही तसाच आहे. तो तक्रार करत नाही. तो केवळ मथळा वाचून, यामागे कोणाचे पैसे असतील असा विचार करतो आणि पान उलटतो.