नेट पास, पण गाइड कुठे?

शिरड शहापूरचा एलएलएम झालेला उमेदवार नेट उत्तीर्ण झाला, तरी पीएचडी पक्की होत नाही. घोडे अडते ते मार्गदर्शकापाशी.

हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एकावेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधकच राहू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मार्गदर्शक कायमस्वरूपी अध्यापकच हवा; तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक कितीही अभ्यासू असले तरी उपयोग नाही.

दुसरीकडे घड्याळ चालूच. जेआरएफ न मिळालेल्यांचे नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरतात. त्या वर्षी जागा निघाली नाही, तर पुन्हा परीक्षा.

गुन्हेगारीशास्त्राचे दुखणे वेगळे. नेटमध्ये तो कायद्याहून स्वतंत्र विषय आहे. विषय दोन शाखांमध्ये विभागला जात असेल, तर कायद्याचा मुख्य मार्गदर्शक आणि समाजशास्त्र किंवा मानसशास्त्राचा सहमार्गदर्शक, अगदी दुसऱ्या संस्थेतलाही, नियमात बसतो. ही वाट फारसे कुणी चोखाळत नाही. मात्र आधी रिक्त जागांची यादी पाहावी, मग विषय ठरवावा. बहुतेक जण नेमके उलट करतात.