सर्व्हरची मुदत विचारा
चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी पतसंस्था किंवा शाळा संकेतस्थळ काढते, तेव्हा रंग, फोटो आणि मराठी फाँट यांवर बैठका रंगतात. सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हे कुणी विचारत नाही. ते आधी विचारायला हवं. भाड्याच्या सर्व्हरांवर वर्षानुवर्षं सेंटओएस ही लिनक्स प्रणाली चालली, कारण ती फुकट होती आणि भक्कमही. पण डिसेंबर २०२० मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं, की सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत मिळणारे अपडेट २०२१ अखेरीसच थांबतील. सेंटओएस ७ चेही ३० जून २०२४ ला थांबले. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी सेंटओएस प्रकल्पाकडून दुरुस्त होत नाहीत, आणि अशा सर्व्हरवर सभासदांची माहिती ठेवणं म्हणजे तिजोरी उघडी टाकणं. सेंटओएसची जागा घ्यायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आल्या, दोन्ही चांगल्या. माझा कौल मात्र डेबियनला. १९९३ पासून ती स्वयंसेवक चालवतात, एका कंपनीच्या निर्णयाने ती बंद पडणार नाही, आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवरचं सॉफ्टवेअर असेल, तरच विंडोज सर्व्हरच्या परवान्याचे पैसे मोजा. लातूरच्या किंवा पुण्याच्या, कुठल्याही कंत्राटदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, ते कोण बसवणार, आणि बॅकअप कुठे राहील.