अंगण-परसू : बांधावरचा तरवड

मागच्या उन्हाळ्यात बांध साफ करताना आम्ही तरवड मुळासकट काढला. सासूबाई नको म्हणत होत्या. ज्याला शेळीही सहसा तोंड लावत नाही, ते झुडूप कशाला ठेवायचं, असं मीच म्हटलं. पूर्वी त्याची साल कातडी कमवायला जायची. आता कोण विचारतो? यंदा टोमॅटोच्या फुलांवर काळे भुंगे क्वचितच दिसले.

तरवडाच्या पिवळ्या फुलात मध नसतो, पराग असतो आणि तो केसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगा फुलाला धरून गुणगुणत हादरे देतो, तेव्हा पराग झडतो. टोमॅटोचं फूलही असंच. वाऱ्यानेही फळ धरतं, पण भुंग्याच्या हादऱ्याने जास्त चांगलं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या आपण बायकांनी हे ध्यानात ठेवावं.

बी टणक असतं. ते वाळूकागदावर थोडं घासून रात्रभर भिजवा आणि पहिल्या पावसात मुरमाड बांधावरच टोका. पाणी साचेल तिथे नको. पहिला उन्हाळा तेवढा सांभाळा. फवारणी मगरिबच्या सुमारास करा, भुंगे तेव्हा परतलेले असतात. ते वाळक्या लाकडात घर करतात. आमच्या कुंपणाचे दोन पोखरलेले वासे सासूबाईंनी यंदा चुलीत घालू दिले नाहीत.